इंटर्नशिपसाठी मला फोन करणाऱ्या बडोद्याच्या काका-काकूंना खुले पत्र

दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, प्रतापनगर आणि हल्ली मांजलपूर-गोत्रीपर्यंत पांगलेल्या माझ्या तमाम काका-काकू, मामा-मामी आणि आत्यांना,

सा. न. वि. वि.

पत्र उघड लिहिते आहे, कारण एकेकाला फोनवर सांगून मी दमले. एप्रिल उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. आधी माझी तब्येत, मग आईची तब्येत, मग उकाडा, आणि मग मुद्दा : "अगं, तू तिकडे एवढी मोठी साहेब आहेस ने, आमच्या ह्याला महिनाभर बसव ने कुठेतरी. लेटर तर पाहिजे फक्त, कॉलेजात द्यायला."

'बसव' हा शब्द तुमचा आहे, माझा नाही. आणि तो अगदी नेमका आहे. फोनवरून आलेली पोरं बसतातच.

मी मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहतीत, एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात क्वालिटी बघते. साहेब वगैरे काही नाही, माझ्या डोक्यावर चार जण आहेत. पण उन्हाळ्यात इंटर्न कोण घ्यायचे हे ठरवायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे, कारण ते दुसऱ्या कुणालाच नको होतं. जागा तीन. तीनच. चौथा मुलगा घेतला तर त्याला उभं करायला टेस्ट बेंचपाशी जागा नाही आणि त्याला शिकवायला फोरमनकडे वेळ नाही. हा तीनचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आधी माझीच गोष्ट सांगते, म्हणजे मी कुणाला उपदेश करत नाही हे कळेल.

तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत बाबांनी त्यांच्या मित्राला फोन केला आणि मला एका बऱ्याच मोठ्या कंपनीत चार आठवडे 'ट्रेनिंग' मिळालं. तिथे ट्रान्सफॉर्मर बनायचे. मला झेरॉक्स मशीनशेजारी खुर्ची दिली, वाचायला जुनी माहितीपुस्तकं दिली, आणि सगळे माझ्याशी फार चांगले वागले. चौथ्या दिवसापर्यंत मला चहावाल्याचं वेळापत्रक पाठ झालं होतं. शॉप फ्लोअरवर मी दोनदा गेले, दोन्ही वेळा कुणाच्या तरी मागून. शेवटच्या दिवशी सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट मिळालं. आईनं ते देवघराशेजारी ठेवलं.

पुढे तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी ते सर्टिफिकेट बघून विचारलं, "ट्रान्सफॉर्मरमध्ये तेल कशासाठी असतं?" मी म्हटलं, "थंड राहायला." "एवढंच?" मी गप्प. विद्युतरोधक म्हणूनही ते तेल तिथे असतं, हे महिनाभर त्या तेलाच्या वासात बसून मला माहीत नव्हतं. सर रागावले नाहीत. त्यांनी नुसतं सर्टिफिकेट फाइलीत परत सरकवलं. ते सरकवणं मला अजून दिसतं.

दुसरी इंटर्नशिप मी हिवाळ्याच्या सुट्टीत मिळवली, आणि तिची सुरुवात आमच्या सोसायटीच्या टाकीखाली झाली. तिथला गेट व्हॉल्व्ह गळत होता. प्लंबरनं नवा बसवला आणि जुना भंगारात टाकायला ठेवला. मी तो घरी आणून उघडला. आत सीटवर, म्हणजे व्हॉल्व्हचं दार येऊन टेकतं त्या कड्यावर, एक लांब ओरखडा होता. मी सगळे भाग सुटे करून मोजले, कागदावर पेन्सिलनं ड्रॉइंग काढलं आणि ते घेऊन मकरपुऱ्यात एका छोट्या वर्कशॉपच्या गेटवर गेले. बाहेर व्हॉल्व्हच्या बॉड्यांचा ढीग दिसला म्हणून तिथे. दुसरं काही कारण नव्हतं.

फोरमनकाकांनी ड्रॉइंग उन्हात धरून पाहिलं. "हे कशानं मोजलं?" व्हर्नियरनं, कॉलेजच्या लॅबमधून मागून आणलं होतं. "आणि ही आतली खाच? तिथे व्हर्नियरचा जबडा जातो?" नाही जात, मी म्हटलं, तो आकडा अंदाजानं लिहिलाय. ते हसले, म्हणाले, "बेन, सोमवारथी आवजो. चोपडी मूको, हाथ काळा करो." म्हणजे सोमवारपासून ये, पुस्तक ठेव, हात काळे कर.

खूप नंतर कळलं की त्या 'अंदाजानं लिहिलाय' वर मला घेतलं होतं. ज्याला आपण मोजलेलं काय आणि ठोकून दिलेलं काय हे वेगळं सांगता येतं, त्याला टेस्ट बेंचवर उभं करता येतं. बाकी शिकवता येतं.

तिथे सहा आठवडे मी प्रेशर टेस्ट बघितली. व्हॉल्व्हची बॉडी ठरलेल्या दाबाच्या दीडपट दाबानं पाणी भरून तपासतात, सीट १.१ पट दाबानं. म्हणजे १६ बारचा (बार हे दाबाचं माप) व्हॉल्व्ह असेल तर बॉडी २४ बारला आणि सीट १७.६ बारला. कुठला व्हॉल्व्ह कुठून गळला, हे मी रोज वहीत लिहायची. कुणी सांगितलं नव्हतं, कंटाळा यायचा म्हणून लिहायची. चौथ्या आठवड्यात वही चाळताना दिसलं की लॅपिंग, म्हणजे पेस्ट लावून घासणं, झाल्यावर जे सीट नुसते कॉटन वेस्टच्या चिंध्यांनी पुसले जात, तेच जास्त गळत होते. त्या पेस्टची कणी आत राहायची. काकांना हे माहीत होतं बरं का. पण आकडे कुणी मांडले नव्हते, त्यामुळे शेठना पटवता येत नव्हतं. माझ्या वहीनं ते काम केलं, आणि सीट केरोसीननं धुवायचं टेबल लागलं. आजची माझी नोकरी त्या वहीमुळे आहे. सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट कुठे गेलं, आईलाही आठवत नाही.

आता तुम्ही विचाराल, मग मुलाकडे नेमकं असायला काय हवं?

माझ्याकडे रेझ्युमे येतात ते सगळे एका साच्यातून काढल्यासारखे. वर 'आव्हानात्मक वातावरणात माझी कौशल्ये वापरण्याची संधी' असं इंग्रजीत, खाली सात सॉफ्टवेअरची नावं, त्याखाली एक प्रोजेक्ट, जो दुकानातून विकत आणलेला असतो (अशी दुकानं आहेत, तुम्हाला ठाऊक आहे, पैसे तुम्हीच दिलेत), आणि शेवटी छंद : प्रवास, संगीत. मी थेट प्रोजेक्टवर बोट ठेवते आणि विचारते, "यातलं पहिल्यांदा काय मोडलं?" ज्यानं स्वतः केलंय त्याचा चेहरा उजळतो. तो दहा मिनिटं मोडतोडच सांगत बसतो, त्याला थांबवावं लागतं. ज्यानं विकत आणलंय तो म्हणतो, "काहीच नाही मॅडम, व्यवस्थित चाललं."

मग मी एक शाफ्ट आणि मायक्रोमीटर पुढे ठेवते. ड्रॉइंगवर २५ व्यास आणि पुढे लहान लिपीतला एच, सात असं लिहिलेलं असतं. म्हणजे शाफ्ट २५.००० ते २४.९७९ मिलिमीटरमध्ये असायला हवा. एकवीस मायक्रॉनची सवलत, तीही फक्त खालच्या बाजूला. हे पहिल्या-दुसऱ्या वर्षाला शिकवतात. टेबल पाठ नसलं तरी चालतं, भिंतीवर लावलेलं आहे. मला बघायचं असतं की मोजण्याआधी तो मायक्रोमीटरचा शून्य तपासतो का, शाफ्ट फडक्यानं पुसतो का आणि एकाच जागी मोजून मोकळा होतो की फिरवून आणखी दोन ठिकाणी मोजतो. या तीन गोष्टींना पाच मिनिटं लागतात. टक्क्यांकडे मी त्यानंतर बघते, आणि साडेसहा सीजीपीएवाल्याला घेतल्याचा मला एकदाही पश्चात्ताप झालेला नाही.

कॉम्प्युटरवाल्यांचं माझं क्षेत्र नाही, पण माझा मावसभाऊ त्यात आहे आणि तो जे सांगतो ते याहून फार वेगळं नाही. मोठ्या कंपन्या कोडिंगचे प्रश्न घालतात, त्याची तयारी पाच-सहा महिने रोज करावी लागते, तिथे कुणाचा मामा कामाला येत नाही. लहान कंपन्या विचारतात, तू बनवलेलं काही चालू स्थितीत आहे का, आणि तुझ्याशिवाय दुसरं कुणी ते वापरतं का. व्हिडिओ बघून केलेलं कामांच्या यादीचं ॲप सगळ्यांकडेच असतं. त्यापेक्षा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचं उधारीचं खातं सांभाळणारं एखादं लंगडं सॉफ्टवेअर बरं. दुकानदार रोज शिव्या घालतो आणि रोज वापरतो. गूगल समर ऑफ कोड हा ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पांवर काम करायचा कार्यक्रम २००५ पासून चालू आहे आणि घरात बसून करता येतो, पण तिथेही आधी काही महिने त्या प्रकल्पातल्या लोकांची बारीकसारीक कामं करून विश्वास मिळवावा लागतो. हे झालं त्यांचं.

वेळेबद्दल मात्र मला जास्त बोलायचं आहे, कारण सगळ्यात जास्त मुलं तिथेच मार खातात. तुमचा फोन एप्रिलात येतो. तोवर माझ्या तीन जागा भरलेल्या असतात. मेल पाठवायचा तो जानेवारीत. मार्चमध्ये तर चुकूनही नाही. कारखान्यात मार्च म्हणजे वर्षअखेर, सगळा माल बाहेर काढायचा असतो, त्या महिन्यात माणसं स्वतःच्या बायकोचा मेसेज वाचत नाहीत. संशोधनाची आवड असेल तर आणखी आधी हालचाल हवी. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप देतात, त्यासाठीची तयारी दिवाळीच्या आसपासच सुरू करावी लागते. आयआयटी गांधीनगरचाही उन्हाळी इंटर्नशिपचा कार्यक्रम आहे, आणि तो बाहेरच्या कॉलेजातल्या मुलांनाही खुला असतो. इथून दोन-अडीच तासांवर. माझ्या माहितीतल्या किती घरांत हे ठाऊक आहे? पण कुठल्या कंपनीत कुणाचे मेहुणे आहेत हे सगळ्यांना तोंडपाठ.

आणि एक घोळ दरवर्षी होतो. "सरकारनं सगळ्यांना इंटर्नशिप दिलीय ने आता?" पंतप्रधान इंटर्नशिप योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हाच्या नियमांनुसार ती पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी नव्हतीच, २१ ते २४ वयाच्या, शिक्षण किंवा नोकरीत नसलेल्या मुलांसाठी होती. महिन्याला ५,००० रुपये, बारा महिने. तुमचा तिसऱ्या वर्षातला मुलगा त्यात बसत नव्हता. ॲप्रेंटिस ही तिसरीच गोष्ट. त्याला १९६१ चा कायदा आहे, आणि तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के ॲप्रेंटिस घ्यावेच लागतात. कॉलेजच्या इंटर्नला असा कायद्याचा आधार नाही. त्याला कुणी घेतलंच पाहिजे असं नाही, काही दिलंच पाहिजे असंही नाही. आम्ही जेवण आणि येण्याजाण्याचा खर्च देतो. याहून जास्त द्यायला हवं असं माझं मत आहे आणि ते मी दरवर्षी शेठना सांगते. शेठ दरवर्षी पंखा मोठा करतात.

पैशावरून आठवलं. उलट पैसे घेऊन 'इंटर्नशिप' देणारे जे निघालेत, त्यांना कृपा करून एक रुपया देऊ नका. चार व्हिडिओ, एक प्रश्नपत्रिका आणि मेलवर सर्टिफिकेट. ती सर्टिफिकेटं आम्ही बघतो, पण कुणाला घ्यायचं नाही हे कळायला बघतो. कॉलेजांनाही यातलं सगळं माहीत असतं. त्यांना फाइल पूर्ण हवी असते. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय परिषदेच्या) इंटर्नशिप धोरणात विद्यार्थ्यानं रोजची डायरी लिहावी असं सांगितलेलं आहे. ती डायरी शेवटच्या रात्री एका बैठकीत, एकाच पेननं लिहिली जाते, आणि सर खाली सही करतात.

मोठ्या नावांचा मोह मला कळतो. २८ ऑक्टोबर २०२४ ला इथे सी-२९५ विमानांच्या कारखान्याचं उद्घाटन झालं, ५६ पैकी ४० विमानं आपल्या गावात बनणार म्हणून आम्हीही पेढे खाल्ले. दिल्ली-मेरठच्या नमो भारत गाड्यांचे डबे आपल्या जिल्ह्यातल्या सावली गावी बनले. कोयलीची रिफायनरी १९६५ पासून आहे. तिथे मुलगा जावा असं कुणाला नाही वाटणार? जाऊ दे की. पण मोठ्या कारखान्यात विद्यार्थ्याला मशीनला हात लावू देत नाहीत, सुरक्षेच्या कारणानं, आणि ते योग्यच आहे. तिथे बघायला मिळतं. हात काळे करायचे असतील तर मकरपुरा, पोर-रमणगामडी, वाघोडिया इथली वीस-तीस माणसांची वर्कशॉपं बरी. पहिली तिथे, दुसरी मोठ्या ठिकाणी, असा क्रम लावलात तर मोठ्या ठिकाणी गेल्यावर काय बघायचं हे तरी पोराला कळेल. मी उलट्या क्रमानं गेले, म्हणून झेरॉक्स मशीनशेजारी बसले.

मुलींच्या आईबाबांसाठी वेगळं लिहिते. "हालोल लांब पडतं", "सगळे पुरुषच असतील ने", "तिला ऑफिसातलं काहीतरी बघ". ऑफिसातलं म्हणजे पुन्हा झेरॉक्स. शॉप फ्लोअरवर मी दहा वर्षं आहे. अडचणी आहेत, खोटं नाही बोलणार. कित्येक वर्कशॉपमध्ये बायकांसाठी धड संडास नाही, आणि हे विचारायला लाजायचं नाही, पहिल्याच फोनवर विचारायचं. जिथे त्याचं सरळ उत्तर मिळतं तिथे बाकीचंही बहुधा ठीक असतं. कंपनीची बस आहे का, पाळी किती वाजता सुटते, सेफ्टी शूज मुलीच्या मापाचे मिळतात का (मला पहिले दोन आठवडे सात नंबरचे मिळाले होते, दोन मोजे घालून चालायची) हे सगळं विचारा. ही माहिती काढायला तुमच्या ओळखी वापरा. मनापासून वापरा.

कारण ओळख वाईट, असं माझं म्हणणं नाही. आपण दर गणपतीत स्टेजवरून सयाजीराव महाराजांचं नाव घेतो. त्यांनी १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली, दांडिया बाजारातून चालत जाण्याच्या अंतरावर. दादासाहेब फाळके तिथे शिकले, हे प्रत्येक भाषणात येतं. येत नाही ते हे, की तिथले पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांनी पुढे १९०७ मध्ये कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्याबरोबर ॲलेम्बिक ही औषधांची कंपनी उभी केली. अमीन त्यांचेच विद्यार्थी. ही ओळखच होती. पण मास्तरांनी ज्याचं काम प्रयोगशाळेत डोळ्यांनी पाहिलंय अशा मुलाची ओळख. मामानं मुंजीत पाहिलेल्या मुलाची नव्हे.

गेल्या वर्षी माझ्याकडे सावली तालुक्यातल्या एका खेड्यातून मेल आला. इंग्रजी मोडकं. सोबत तीन फोटो. घरच्या पेरणीयंत्राचा एक ब्रॅकेट तुटला, त्यानं वेल्ड केला, पुन्हा तिथेच, आतल्या कोपऱ्यापाशी तुटला. पुन्हा वेल्ड केला, पुन्हा तिथेच. तिसऱ्या वेळी त्यानं नवा कापला आणि तो कोपरा काटकोनात न ठेवता गोल केला. 'हंगामभर टिकला, का टिकला ते नंतर पुस्तकात सापडलं,' असं त्यानं लिहिलं होतं. काटकोनी कोपऱ्यात ताण एकवटतो, हे आम्हाला फळ्यावर शिकवलं होतं. त्याला शेतात कळलं.

त्याचा मेल आला त्याच आठवड्यात तुमच्यापैकी एकांचा फोन शेठना गेला. मला नाही, थेट शेठना, कारण मी नाही म्हणेन हे माहीत होतं. दोन जागा आधीच दिल्या होत्या, राहिली होती एक. ती कुणाला गेली हे तुम्हाला माहीत आहे. तो चांगला मुलगा आहे, सभ्य आहे, महिनाभर वेळेवर आला आणि मोबाइल बघत बसला. सावलीच्या मुलाला मी कळवलं की यंदा जागा नाही. त्यानं 'थँक यू मॅडम, नेक्स्ट इयर' असं उत्तर पाठवलं.

म्हणून यंदा मी शेठशी आधीच बोलून घेतलं आहे. फोनवरून कुणीही नाही. मेल मुलानं किंवा मुलीनं स्वतः पाठवायचा, जानेवारीत, एक पान, आणि सोबत स्वतःच्या हातानं मोडलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या एका वस्तूचा फोटो. मिक्सर चालेल, सायकल चालेल, नळ चालेल. काय मोजलं आणि काय अंदाजानं लिहिलं ते वेगळं दाखवायचं. कंपनीचा पत्ता आणि माझं नाव तुम्ही मुलाला द्या, मी कशी आहे तेही सांगा, खडूस आहे म्हणालात तरी चालेल. एवढ्यावर तुमचं काम संपलं. मुलाला काही विचारायचं असेल तर त्यानं दुपारी साडेबारा ते एक फोन करावा, तेव्हा आमची जेवणाची सुट्टी असते. त्यानं. तुम्ही नाही.

आणि ज्या काकूंनी मागच्या वर्षी शेठना फोन केला होता, त्यांना : मी रागावलेली नाही. दिवाळीला येईनच. तुमच्याकडचा तो जुना कपाटाएवढा कूलर बंद पडलाय म्हणालात ना, तो भंगारात देऊ नका. धाकट्याला स्क्रू ड्रायव्हर द्या आणि दोन दिवस त्याच्या वाटेला जाऊ नका. प्लग मात्र आधी काढून ठेवायला सांगा.

तुमची,
व्हॉल्व्हवाली भाची
मकरपुरा, बडोदा